आभार मानायचे नाहीत

व्होरूहून सकाळच्या बसनं निघाले,
मांडीवर बादली,
बादलीत ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले तिघे:
दुहेरी पाकळ्यांची पांढरी हेपाटिका,
पानांवर पट्टे असलेली लिली ऑफ द व्हॅली,
आणि एक, ज्याचं नाव मलाच ठाऊक नाही,
रस्ता रुंद करणारं यंत्र पोचायच्या
अर्धा तास आधी उचललेलं.
शेजारच्या बाईनं विचारलं, भाजी का?
म्हटलं, हो, तसंच काहीतरी.
खरं सांगत बसले असते तर रेपिना मागे गेलं असतं.

लेम्बित फाटकाशीच उभा,
पायात वाइकेचे गमबूट, टाचेकडे चीर देऊन सैल केलेले.
'उशीर केलास.'
बस वेळेवर होती.

आधी बाग. चहा नंतर, झालाच तर.
तो पुढे, मी त्याच्या पावलावर पाऊल टाकत,
कारण जिथं काहीच दिसत नाही
तिथंच इथं नेमकं काहीतरी यायचं असतं.
'तिथं नको! ट्रिलियम आहे.'
'कुठाय?'
'अजून दोन वर्षांनी.'

खिडकीच्या जुन्या पडद्याच्या पट्ट्या कापून रोवलेल्या,
त्यांवर पेन्सिलीनं नावं.
शाई दोन हिवाळ्यांत उडते, पेन्सिल टिकते,
हे तो दर वर्षी सांगतो
आणि मी दर वर्षी नव्यानं मान डोलावते.
काही पट्ट्यांवरचं अक्षर वेगळं, गोल, उजवीकडे कललेलं.
त्यांच्यापाशी तो थांबत नाही.
तण मात्र तिथं औषधालाही नाही.

सौनामागच्या सावलीत गुडघे टेकून बसला.
सापकांदा.
साखालिनहून पाकिटात आलेल्या चार बियांतली
एकच रुजलेली.
हिरवट फणा, आतून जांभळ्या रेघा,
भिंतीला कान लावणाऱ्यासारखी मान वाकवून.
'दोन वर्षांपूर्वी मादी होती,' म्हणाला,
'मुठीएवढं लाल कणीस धरलं.
त्यात दमली. कांदा सुपारीएवढा उरला.
यंदा नर.
अंगात ताकद असली की बाई, नसली की बाप्या,
यांचं असंच.'
मग बोटांची माती चोळत, भलतीकडे बघत,
'काकड्यांचं लोणचं हल्ली मीच घालतो.
शेपू जास्त पडतो.'

शेपू जास्त झाला म्हणून काही बिघडत नाही, मी म्हटलं.
'बिघडतं.'

बाकावर वर्तमानपत्रं सोडली.
हेपाटिका त्यानं दोन्ही हातांत घेतली, बोलला नाही.
लिलीला म्हणाला, ही पसरेल, बादलीतच ठेवीन.
निनावीचं पान चुरगाळलं, हुंगलं,
जिभेला लावलं, थुंकला.
'तण आहे.'
'मग द्या परत.'
दिलं नाही.

सापकांद्याच्या बुडाशी दोन पिल्लं होती.
सूपच्या चमच्यानं दोन्ही उकरली,
तळहातावर ठेवून बराच वेळ वजन करत राहिला,
जणू सोनाराचं दुकान.
दह्याच्या डब्यात त्यानं माझ्यासाठी
मोठं घातलं.

आमच्याकडे रोपाचे आभार मानत नाहीत.
मानले की ते जगत नाही.
खरं-खोटं कुणी पाहिलेलं नाही,
एवढं महागाचं रोप घेऊन पाहणार कोण?
म्हणून फाटकाशी म्हटलं,
तुमची माती फार जड आहे, पाणी धरते.
तो म्हणाला, तुझी वाळूच आहे नुसती, काय जगणार त्यात.
झालं. दोघांनी नीट निरोप घेतला.
रस्त्याच्या वळणावरून मागे पाहिलं
तेव्हा तो माझं तण घेऊन
कुठं लावावं म्हणून बागभर हिंडत होता.

बसच्या ड्रायव्हरनं बादली वर घेतली.
धन्यवाद, मी म्हटलं.
तिकिटाला पुन्हा म्हटलं.
व्होरूला उतरताना तिसऱ्यांदा, जरा मोठ्यानंच.
पोरगेलासा होता. लाजून म्हणाला,
अहो, एवढं काय केलंय मी.